डब्यात बाहुल्या नव्हत्या

तुमच्या घरातली एखादी बाई हातातलं काम बाजूला सारत ‘काही नाही गं, उगाच आपलं…’ असं म्हणते, तेव्हा तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवता का? ठेवताच. आपण सगळेच ठेवतो. विश्वास ठेवणं सोयीचं असतं. पुढचं काही विचारावं लागत नाही, तिच्यापाशी बसावं लागत नाही, आणि चहा वेळेवर मिळतो.

माझी नंदा मावशी गेली त्याला आता दीडेक महिना होईल. सकाळची वेळ होती, जर्सी सिटीतल्या भाड्याच्या घरात मी दात घासत होते. फोनवर श्रीकांत काकांचं नाव दिसलं आणि उचलायच्या आधीच मला कळलं. कारण काका कधी फोन करत नाहीत. फोन मावशी करते, आणि काका मागून ‘तिला म्हणावं जेवायलाच ये’ असं ओरडतात. त्या दिवशी मागून कुणी ओरडत नव्हतं. काका म्हणाले, “मुक्ता, ये तू.” नेवार्कला गाडी बदलून मी प्रिन्स्टन जंक्शनला उतरले. दर रविवारी स्टेशनच्या पार्किंगमध्ये जिथे तिची गाडी दिवे लुकलुकवत उभी असायची, ती जागा रिकामी होती. मी तिथे उभी राहिले आणि मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही. कळलं ते पुढे श्रद्धांजलीच्या सभेत.

वेस्ट विंडसरमध्ये आमची मराठी शाळा दर रविवारी एका इंग्रजी शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या वर्गांत भरते. सभा त्याच शाळेच्या कॅफेटेरियात झाली. पुढे मावशीचा फोटो, मागे दुधाच्या जाहिरातीचं मोठं पोस्टर. एकेक जण उठला. तिच्या अळूवड्या. तिचं हसणं. नव्यानं आलेल्या मुलींना ती कसं आईच्या मायेनं… सगळं खरं होतं. मग शाळेच्या समितीचे अध्यक्ष प्रधान काका उठले आणि म्हणाले, “नंदावहिनींना जुन्या चित्रांची मोठी हौस. पोरींना जमवून बसायच्या. त्यांच्या त्या बाहुल्या आपण कुणीच विसरणार नाही.” लोक ओल्या डोळ्यांनी हसले. मी हसले नाही. आयुष्यभर एक बाई एका विषयाला भिडली, आणि तिच्या फोटोसमोर उभं राहून तुम्ही त्याला हौस म्हणता? बाहुल्या म्हणता? पण प्रधान काका तरी काय करणार. तो शब्द त्यांना तिनंच दिला होता. कसा दिला आणि का दिला, ते सांगायला मी हे लिहिते आहे.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. सांगलीच्या आमच्या घरात सोफ्याखाली चपला नसायच्या, गठ्ठे असायचे. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, कधी गावच्या पाण्यासाठी. बाबा मजकूर लिहायचे, आई तो निम्मा कापायची, आणि घड्या घालायचं काम माझं. माझी अक्षरओळख पाटीवर झाली नाही, मथळ्यांवर झाली. प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हानंच संपतं असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. अशा घरात दर काही वर्षांनी मावशी अमेरिकेहून यायची. ही आईची धाकटी बहीण. बॅगेत चॉकलेटं असायची आणि चॉकलेटांखाली पोस्टकार्डांवर छापलेल्या मेरीमाता. मोठे डोळे, लांब नाक, मागे सोनं. बाबा चेष्टा करायचे, “नंदे, आम्ही घरचे देव नाकारून बसलोय, आणि तू परक्यांचे घेऊन येतेस होय?” ती म्हणायची, “दाजी, देवाकडे बघूच नका. पुसणारीच्या हाताकडे बघा.”

त्या वाक्यामागची गोष्ट अशी. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा काकांच्या व्हिसावर आली. सांगलीत इतिहास शिकवणारी मुलगी, आणि इथे नोकरीची परवानगीच नाही. काका कामावर, बाहेर बर्फ, घरात चार भिंती. एकदा काकांच्या ऑफिसातल्या लोकांबरोबर न्यूयॉर्कचं एक म्युझियम बघायला गेली. बाकीचे पुढे निघून गेले, ही एका काचेपाशी अडकली. तळहाताएवढी लाकडी फळी, तिच्यावर आई आणि मूल. बाकी चित्र धड होतं, पण आईचा हात आणि मुलाचा पाय तेवढा झिजलेला. रंग गेला होता, सोनं गेलं होतं, खालचं लाकूड दिसत होतं. आणि मावशीला आठवला आजोळच्या देवघरातला खंडोबाचा चांदीचा टाक. टाक म्हणजे देवाची छोटी चपटी प्रतिमा. चिंच लावलावून घासल्यामुळे त्याचं नाक सपाट झालं होतं. देव कुठल्या सोनारानं घडवला ते आजोबा अभिमानानं सांगायचे. पण नाक कुणी झिजवलं? आजीनं, तिच्या सासूनं, सासूच्या सासूनं. महिन्यातले चार दिवस ज्यांना त्या देवाला शिवायची बंदी होती, त्याच बायांनी. “चित्र कुणी काढलं ते खालच्या पाटीवर लिहिलेलं असतं, मुक्ते,” ती मला म्हणायची. “झिजवलं कुणी, ते विचारायचं आपण.”

हा प्रश्न घेऊन ती पुन्हा विद्यार्थिनी झाली. बायझंटाइन साम्राज्य म्हणजे आजच्या इस्तंबूलमधून हजारभर वर्षं चाललेलं, ग्रीक बोलणारं, ख्रिस्ती झालेलं रोमन राज्य. तिथल्या बायका, त्यांचं शिक्षण आणि त्यांच्या घरातली देवांची चित्रं, हा तिचा विषय. चर्चमधल्या वेदीच्या पडद्यापलीकडे या बायकांना पाऊल टाकता येत नसे. मोठ्या शाळा होत्या त्या मुलांसाठी. मुली शिकल्या तर घरी शिकत, बहुधा आईपाशी, देवाच्या स्तोत्रांवरून अक्षरं गिरवत. एक राजकन्या पुढे मोठी इतिहासकार झाली. तिनं तरुणपणी व्याकरण चोरून शिकून घेतलं, आईवडिलांना कळू न देता. हे आपल्याला कशावरून माहीत? तर ती मेल्यावर तिच्यावर जे भाषण झालं त्यात ते सांगितलं गेलं म्हणून! मावशीला ही गोष्ट फार आवडायची. “बघ, बाईचं खरं शिक्षण श्रद्धांजलीत बाहेर येतं,” असं म्हणून ती हसायची. मला तेव्हाही त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

ती जवळच्या एका कॉलेजात हा विषय शिकवायची. अर्धवेळ, दर सत्राला नवा करार. मी इथे शिकायला आले त्याच्या आदल्या वर्षी तो कोर्स बंद झाला. विद्यार्थी कमी येतात म्हणे. त्या चित्रांच्या कार्डांनी भरलेला बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा ती घरी घेऊन आली. काय झालं असं कुणीतरी विचारलं, तेव्हा म्हणाली, “काही नाही हो, सुटले एकदाची.” आणि पुढच्याच रविवारी तो डबा काखेत मारून मराठी शाळेत गेली आणि मोठ्या मुलींचा गट मागून घेतला. बारा-तेरा वर्षांच्या मुलींचा हा गट कुणालाच नको असतो. या मुलींना मराठी कळतं, पण मराठी बोलण्यापेक्षा त्या दात काढून घेतील.

त्या वर्गात मी दर रविवारी मदतीला बसत असे. मावशी प्रत्येकीच्या हातात एकेक कार्ड द्यायची. फळ्यावर नाही, हातातच. ही चित्रं लांबून बघायची नव्हतीच मुळी, ती ओठांना लावायची, कवटाळायची, उशाशी घ्यायची होती, म्हणून. नियम एकच, जे दिसतं ते मराठीत सांगायचं. एकदा रियाच्या वाट्याला मेरीचं चित्र आलं. देवदूत निरोप घेऊन आलाय, आणि मेरीच्या हातात चाती आणि लाल सूत.

रिया म्हणाली, “मावशी, शी लुक्स सो मॅड.”

“मराठीत.”

“ती… रागावली आहे.”

“कुणावर?”

“त्या एंजलवर. ती काम करतेय ना, आणि तो मधेच आला. विदाउट… न विचारता.”

सगळ्या पोरी खिदळल्या. एक म्हणाली, “एक्सक्यूज मी, मी बिझी आहे!” मावशी पण हसली आणि मग हळूच तिनं दुसरं कार्ड पुढे सरकवलं, तेच झिजलेल्या हाताचं. हे असं का झालं असेल? पोरी अंदाज करू लागल्या. पाणी सांडलं असेल… जुनं झालं असेल… मग रियानं आपला अंगठा त्या हातावर घासून बघितला आणि म्हणाली, “लोकांनी टच केलं. मावशी, प्रूफला काय म्हणतात मराठीत?”

“पुरावा.”

“मग हा पुरावा आहे. की कोणीतरी होतं.”

मावशीनं चष्मा काढून पदरानं पुसला. काचा स्वच्छच होत्या.

त्याच महिन्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. मराठी शाळेत आपल्या मुलींना ख्रिश्चन देवांची चित्रं का दाखवली जातात? खाली अंगठे उमटत गेले. लिहिणारा होता समीर, रियाचा बाबा. पुण्याचा, आयटीतला, दर वर्षी गणपतीची आरास हौसेनं करणारा. समितीनं कॅफेटेरियात बैठक बोलावली. विषय सरळ होता, हा वर्ग ठेवायचा की काढायचा.

“काकू, रिस्पेक्टनं सांगतो,” समीर म्हणाला. “रविवारची झोप मोडून आम्ही पोरांना इथे आणतो ते आपल्या भाषेसाठी, आपल्या कल्चरसाठी. आठवडाभर बाहेरचंच असतं ना त्यांना सगळं. आणि माझी मुलगी घरी येऊन मला विचारते, बाबा, मेरीच्या हातातलं सूत लालच का? आता मला काय माहीत यार! चर्चचं काम चर्च करेल.”

दोघं-तिघं हसले, पण मोकळं नाही. एक बाई म्हणाली, “बरोबर आहे, आज चित्र, उद्या आणखी काही.” कुणीतरी खुर्ची सरकवली. प्रधान काकांनी घसा साफ केला. “नंदावहिनी, तुमच्या हेतूबद्दल कुणालाच शंका नाही. पण ही चित्रं आपण नेमकी काय म्हणून दाखवतो, एवढं जरा…”

मी उठले. माझ्याकडे पत्रकच तयार होतं, तोंडपाठ. तुमच्या मुली पहिल्यांदा मराठीत विचार करतायत आणि तुम्हाला धर्म बाटायची भीती वाटते? सूत लालच का हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून मुलीनं विचारायचंच नाही? पहिला शब्द तोंडातून निघायच्या आत मावशीनं माझी बाही खाली ओढली. “बस.” मग सगळ्यांकडे बघून ती हसली. तेच हसणं, ज्याचं सभेत एवढं कौतुक झालं.

“अहो, काही नाही हो. उगाच आपलं… बाहुल्या आहेत त्या. पोरींच्या हातात काहीतरी दिलं की बोलतात बिचाऱ्या, एवढंच.”

खोलीतला ताण एकदम उतरला. “बाहुल्या! मग काय प्रश्न आहे?” प्रधान काका म्हणाले. “आमच्या बहिणींची भातुकली असायची तशी.” मागून कुणीतरी ओरडलं, “काकू, पुढच्या वेळी पैठणी नेसवा त्यांना!” समीरसुद्धा हसला. वर्ग राहिला. समोसे आले.

गाडीत मी दार जोरात आपटलं. “तू असं कसं म्हणालीस? बाहुल्या?”

“वर्ग राहिला ना?”

“कशाचा वर्ग राहिला? तूच म्हणालीस त्यात काही नाही म्हणून!”

ती लाल सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, “तुला एक गोष्ट सांगते. तिकडे एक काळ असा आला की सम्राटांनीच चित्रांवर बंदी घातली. चित्र पुजलं की शिक्षा. एका सम्राटाची राणी मात्र आपल्या खोलीत चित्रं लपवून ठेवायची. एक दिवस दरबारातला विदूषक अचानक आत शिरला. बघतो तर राणी चित्र डोळ्यांना लावतेय. काय हे, म्हणाला. राणी म्हणाली, माझ्या बाहुल्या आहेत. त्यानं जेवताना सम्राटाला सांगितलं. सम्राट संतापून आला, तर ही म्हणते, छे, आम्ही आरशात बघत होतो, त्यानं आमचीच तोंडं बघितली. सम्राटाची म्हातारी सासू नातींना अशाच बाहुल्या दाखवायची म्हणे, डब्यातून काढून. खरंखोटं देव जाणे. पण चित्रं वाचली, मुक्ते. तिनं पत्रक काढलं असतं तर चित्रंही गेली असती आणि राणीही.”

“आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं?” मी म्हटलं. “राणी बाहुल्या खेळायची!”

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा ती भानावर आली. पुढच्या रविवारी बघते तर डब्याच्या झाकणावर पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर ठळक मार्करनं लिहिलेलं: बाहुल्या. माझी जिरवायला. मी वाचलं हे बघून तिनं डोळा मारला.

पण शब्द नुसता पट्टीवर राहत नाही. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक ग्रुपवर आलं, त्यात हात जोडून लिहिलं होतं की नंदाकाकूंचा बाहुल्यांचा तास या वर्षी आर्ट अँड क्राफ्टमध्ये घेतला आहे, खाऊच्या सुट्टीनंतर, काकूंची हरकत नसावी. यात कुणाचा कावा नव्हता. हीच तर भयंकर गोष्ट. त्यांनी तिचं म्हणणं ऐकलं होतं, आणि बाहुल्यांची जागा जिथे असते तिथे त्यांना नेऊन ठेवलं होतं. मुली पुठ्ठ्याच्या बाहुल्यांना चमकी चिकटवत होत्या. मावशी डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या छोट्या खुर्चीवर बसली होती, झाकण बंद. रियानं विचारलं, “मावशी, आज कार्ड्स नाही?” ती म्हणाली, “पुढच्या वेळी हं.” मी तिच्याकडे एकटक बघत होते. ती माझ्याकडे बघायचं टाळत होती. घरी जाताना मी म्हटलं, चल, दोघी मिळून समितीला सांगू. ती म्हणाली, “काय सांगणार? की मी खोटं बोलले?” मी म्हटलं, “हो! अगदी तेच सांगायचं!” ती म्हणाली, “बघू.”

ते बघणं राहून गेलं. थंडीत तिला पोटाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी जे नाव सांगितलं त्यात बघू म्हणायला फारशी जागा नव्हती. शेवटची भेट वरच्या खोलीत झाली. खिडकीपाशी पलंग, खिडकीत उघडं बोडकं मेपलचं झाड. खूप बारीक झाली होती, आवाज मात्र तसाच. मी पाय चेपत होते. ती म्हणाली, “राणीची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली होती.”

“सांग.”

“नवरा वारला. मुलगा लहान. राज्य तिच्या हातात आलं. तिनं चित्रं परत आणवली. देवळांत, भिंतींवर, सगळ्यांसमोर.” ती थांबली, श्वास घेतला. “तेव्हा ती बाहुल्या म्हणाली नाही. खऱ्या नावानं आणली… बाहुल्या म्हणण्यात चूक नव्हती गं. म्हणायचं थांबायचं कधी, ते तिला कळलं. मला नाही कळलं.”

मला भांडायचं होतं. तिला सांगायचं होतं की थांबायची वेळ पहिल्याच दिवशी होती, कॅफेटेरियात, तू माझी बाही ओढलीस तेव्हा. अजूनही मला तसंच वाटतं. पण मग वर्ग त्याच दिवशी गेला असता, आणि पोरींचे पुढचे सगळे रविवार… मी तिचे पाय चेपत राहिले. तिनं कपाटाकडे बोट केलं. “तो डबा आण. काढ ती पट्टी.”

पट्टी सहज निघेना. नखानं खरवडली तशी ती तुकड्या-तुकड्यांनी आली आणि खाली चिकट, काळपट डाग राहिला. “आता काय लिहू?” मी विचारलं.

“तू काही लिहू नकोस. तू उद्गारचिन्ह देशील.” ती हसली आणि तिला दुखलं. “पोरींना विचार.”

आता पुन्हा त्या सभेकडे येते. प्रधान काकांचं बोलून झालं, लोक हसले, आणि मी उठणार एवढ्यात पुढच्या रांगेतून रिया उठली. समीरनं तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला. माइक नव्हता. “प्रधान काका,” ती म्हणाली, “त्या बाहुल्या नाही आहेत.” तिला पुढचा शब्द सापडेना. समीर दबक्या आवाजात म्हणाला, “बेटा, इंग्लिशमध्ये बोल, चालेल.” ती म्हणाली, “नाही. मावशीचा रूल आहे.” मग म्हणाली, “ते पुरावा आहे. की बायका होत्या. आणि ती हौस नव्हती. तो आमचा तास होता. तुम्ही तो घेतला. आम्हाला परत पाहिजे.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रधान काका म्हणाले, विचार करू. समिती अजून विचार करते आहे. आम्ही मात्र थांबलेलो नाही. दर रविवारी मराठी शाळा सुटली की गावच्या लायब्ररीतल्या एका खोलीत मुली जमतात. समीर रियाला सोडतो, आत येत नाही, तासभर गाडीत बसून राहतो. गेल्या रविवारी त्यानं काच खाली करून मला विचारलं, “ते सूत… लाल का असतं गं?” मी म्हटलं, “आत या, रिया सांगेल.” तो आला नाही. पण त्यानं विचारलं.

आणि श्रीकांत काका. घर विकायला काढलं आहे, ते मुलाकडे दुसऱ्या राज्यात, शुगर लँडला जाणार आहेत. आवराआवर करताना त्यांनी मला फोन केला. आता फोन तेच करतात. म्हणाले, “मुक्ता, तिचा तो निळा डबा उघडला मी आज. अगं, त्यात बाहुल्या नाहीयेत.” ते पुढे म्हणाले, “सभेत ती पोर म्हणाली तेही मला नीट उमगलं नव्हतं. मला वाटायचं खरंच बाहुल्या असतील, शाळेतल्या पोरांना खेळायला. मी एकदा विचारलं होतं तिला. ती म्हणाली, काही नाही हो… म्हणून मग मी…” एका घरात, एका छपराखाली, एक भला माणूस. तिनं सांगितलेल्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवणारा.

काकांनी दिलेला तो डबा आता लायब्ररीच्या त्या खोलीत टेबलावर असतो. झाकणावरच्या डागाला अजूनही बोट चिकटतं. त्याच्यावरच मुलींनी नवी पट्टी लावली आहे, अक्षर रियाचं. तिनं लिहिलंय: पूरावे. पहिला उकार चुकलाय. मावशीनं लगेच लाल पेन काढलं असतं. मी तसाच ठेवलाय.

तुमच्याकडे मला एकच मागायचं आहे, आणि ते आजच करा, वर्तमानपत्राच्या या पुरवणीची घडी घालून ठेवायच्या आधी. तुमच्या आईला, सासूला, बायकोला, मावशीला, ती फावल्या वेळात, दार लोटून, डब्यात झाकून जे काही करते त्याबद्दल विचारा. ती म्हणेल, काही नाही गं, उगाच आपलं. तेव्हा उठू नका. तिच्याशेजारी बसा, आणि पुन्हा एकदा विचारा.